जी लीगमध्ये धो धो गुण करणाऱ्याला एनबीएत जागा का मिळत नाही?

फेब्रुवारी 2025 मध्ये भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. सॅन फ्रान्सिस्कोतली एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, डंक स्पर्धा. सहा फूट दोन इंच उंचीचा मॅक मॅक्लंग कोर्टवर उभ्या केलेल्या मोटारीवरून उडी मारतो आणि चेंडू रिंगमध्ये कोंबतो. चार उड्या, चारही वेळा पन्नासपैकी पन्नास. सलग तिसरं विजेतेपद, आणि तोवर सलग तीन कोणालाच जमली नव्हती. व्हिडिओखाली भाच्याचा प्रश्न होता, "मामा, हा कुठल्या टीमचा?"

मी लिहिलं, "कागदावर ऑर्लँडो मॅजिकचा. पण बहुतेक वेळ खेळतो ऑसिओला मॅजिककडून."

"म्हणजे बी टीम? एवढा भारी माणूस बी टीममध्ये?"

आता याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर काय देणार! शिवाय मॅक्लंग नुसता उड्या मारणारा नाही. 2022 मध्ये तो जी लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू होता, 2024 मध्ये सर्वोत्तम खेळाडू, आणि त्या मोसमात सामन्यामागे पंचवीसच्या वर गुण करत होता. तरी 2024 साली त्याने दुसऱ्यांदा डंक स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या नावावर एनबीएचे सगळे मिळून चार सामने होते. अन्याय वाटावा असंच हे गणित आहे. थोडा अन्याय आहेही, पण तो आपल्याला वाटतो तिथे नाही.

आधी जी लीग म्हणजे काय ते बघू. 2001 साली एनबीएने अमेरिकेच्या दक्षिण भागात आठ संघांची एक छोटी लीग सुरू केली. 2005 पासून तिला डी-लीग म्हणू लागले, आणि 2017 मध्ये गेटोरेड या पेयाच्या कंपनीने नाव विकत घेतल्यावर ती जी लीग झाली. आज एनबीएच्या तीसही संघांचा जी लीगमध्ये एकेक जोडसंघ आहे, आणि मेक्सिको सिटीचा कॅपिटानेस हा एकच संघ कोणाशीही न जोडलेला. नवे नियम आधी इथे करून बघतात. उदाहरणार्थ, फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या दोन किंवा तीन फ्री थ्रोऐवजी, म्हणजे बिनविरोध माऱ्यांऐवजी, इथे एकच मारायचा, आत गेला की सगळे गुण. वेळ वाचतो. शेवटच्या दोन मिनिटांत मात्र जुनाच नियम.

या लीगचा सामना बघताना एक गोष्ट लक्षात ठेवली की चित्र एकदम स्पष्ट होतं. एकाच रंगाचा बनियन घातलेल्या पाच जणांचे पगार तीन वेगवेगळ्या जगातले असतात. एक पोरगा एनबीएच्या पक्क्या करारावर आहे, सरावासाठी चार दिवस खाली पाठवलाय, त्याला वर्षाला काही दशलक्ष डॉलर मिळतात. दुसरा 'टू-वे' करारावर, म्हणजे वरच्या आणि खालच्या संघात ये-जा करणारा. 2024-25 मध्ये अशांचा पगार सुमारे 5 लाख 78 हजार डॉलर होता, एनबीएतल्या नवख्याच्या किमान पगाराच्या बरोबर निम्मा. आणि तिसऱ्याला अख्ख्या मोसमाचे 43 हजार डॉलर. अमेरिकेत त्या पैशांत भाडं आणि किराणा भागतो, फार काही उरत नाही. हा तिसरा माणूस चीनमध्ये किंवा युरोपात गेला तर याच्या कित्येक पट कमावू शकतो. तरी तो इथे थांबतो, कारण एनबीएचे निवडकर्ते इथे रोज येऊन बसतात. स्वस्तातलं घर, पण स्टेशनसमोर!

या तिसऱ्या माणसाबद्दलचा एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. तो लेकर्सच्या जोडसंघाकडून, साउथ बे लेकर्सकडून, खेळत असला तरी लेकर्सचा त्याच्यावर काही हक्क नाही. उद्या बॉस्टनला गरज पडली तर बॉस्टन त्याला उचलू शकतं. टू-वेवाला मात्र आपल्या संघाला बांधलेला. म्हणजे सगळ्यात गरीब माणूसच सगळ्यात मोकळा.

वर जागा किती? तीस संघ, प्रत्येकी पंधरा पक्के करार, म्हणजे 450. शिवाय टू-वेच्या 2017 पासून प्रत्येक संघाला दोन आणि 2023 पासून तीन जागा, म्हणजे आणखी नव्वद. सगळ्या जगातून मिळून एवढेच.

आपल्याकडे असा विषय निघाला की अमोल मुझुमदारचं नाव हमखास येतं. रणजी पदार्पणातच 260 धावा, पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांहून जास्त, आणि भारताकडून एकही कसोटी नाही. दादर-शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अजून यावर हळहळ चालते. मॅक्लंगकडे बघून आपल्याला तेच आठवतं. पण इथे एक फरक आहे, आणि माझ्या मते अख्ख्या विषयाची मेख तिथेच आहे. मुझुमदारला कसोटीत घेतलं असतं तर त्याला काम तेच करायचं होतं जे तो मुंबईसाठी करत होता: मधल्या फळीत उभं राहायचं आणि धावा काढायच्या. गोलंदाज जास्त चांगले असते, पण काम तेच. जी लीगच्या ताऱ्याला वर बोलावतात तेव्हा त्याचं काम बदलतं.

हिशोब करून बघा. सामना 48 मिनिटांचा, कोर्टवर एका संघाचे पाच जण. म्हणजे वाटायला एकूण 240 मिनिटं. पहिले पाच खेळाडू साधारण 34-34 मिनिटं खेळतात, तिथेच 170 संपली. उरलेली सत्तर मिनिटं चार-पाच राखीव खेळाडूंमध्ये. त्यातही चेंडू एकच. हल्ल्याला 24 सेकंद, त्यातला बराचसा वेळ तो लुका डॉनचिच किंवा शे गिल्जस-अलेक्झांडरसारख्या ताऱ्याच्या हातात राहणार, कारण त्यांना त्यासाठीच पैसे दिलेत. जी लीगमध्ये जो दिवसभर चेंडू हातात घेऊन वीस-बावीस वेळा बास्केटवर मारा करतो, त्याला इथे तो चेंडू मधूनमधून, सेकंद-दोन सेकंदांसाठी मिळणार. मग त्याच्या पंचवीस गुणांचं करायचं काय?

ते सेकंद-दोन सेकंद कसे असतात ते जरा जवळून बघू. तुम्ही कोर्टच्या कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेबाहेर उभे आहात. हात छातीशी तयार, गुडघे किंचित वाकलेले. तिकडे तारा आत घुसतो, दोन बचावपटू त्याच्यावर कोसळतात, आणि चेंडू सूं करत तुमच्याकडे येतो. तुमच्यावरचा माणूस तुमच्या दिशेने धावत सुटलाय. आता मारायचा, पुढच्याला द्यायचा, की त्याला चकवून आत जायचं? हा निर्णय चेंडू हातात येण्याआधीच झालेला हवा. चेंडू धरून एकदा टप्पा दिलात, विचार केलात, की दार बंद. आणि मारा चुकला तर लगेच उलटं पळायचं, समोरच्या संघातल्या सगळ्यात उंच माणसाला अंगावर घ्यायचं आणि फाऊल न करता त्याला अडवायचं. हे सगळं सहा मिनिटांत आठ-दहा वेळा करा आणि पुन्हा बाकावर बसा. स्कोअरकार्डवर तीन गुण, एक रिबाऊंड (चुकलेल्या माऱ्यानंतर पकडलेला चेंडू). प्रशिक्षक मात्र खूश.

मॅक्लंगचीच उंची, सहा फूट दोन इंच, गॅरी पेटन दुसरा याचीही. वडील एनबीएतले नामांकित बचावपटू, पण म्हणून पोराला कोणी जागा दिली नाही. 2016 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, नाव आलं नाही. पुढची पाच वर्षं जी लीगचे संघ बदलत फिरला, मधूनमधून वर जायचा, पुन्हा खाली. 2021 मध्ये टोरंटोच्या जोडसंघाकडून, रॅप्टर्स 905 कडून, खेळताना तो जी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि एप्रिलमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला दहा दिवसांच्या करारावर घेतलं. पुढच्या मोसमाआधी त्याची अवस्था अशी होती, की त्याने वॉरियर्सकडे व्हिडिओ विभागातल्या नोकरीची चौकशी केली. सामन्यांची चित्रफीत कापून प्रशिक्षकांना दाखवायची, ते काम. ऑक्टोबरमध्ये संघाने त्याला काढलं, आणि चार दिवसांनी पंधरावा माणूस म्हणून परत घेतलं. 2022 च्या जूनमध्ये तोच पेटन अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध खेळत होता. मेच्या सुरुवातीला कोपराचं हाड मोडलेलं, ते सांभाळून. पाचव्या सामन्यात त्याने पंधरा गुण केले, आणि वॉरियर्स जिंकले.

तो टिकला कारण त्याला वॉरियर्सचा तारा स्टेफ करी याच्या शेजारी उभं राहून चेंडू न मागता खेळता येत होतं. समोरच्याचा सर्वांत चांगला गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, अडवणं, चेंडू पळवणं, आणि सगळ्यांचं लक्ष करीवर असताना मागच्या दाराने बास्केटखाली पोचणं. मॅक्लंगला हे येत नाही असं मी म्हणणार नाही. पण मॅक्लंगचं जे सगळ्यात भारी आहे, ते करणारा माणूस प्रत्येक एनबीए संघात आधीच बसलाय, आणि त्याच्याहून उंच आहे.

जे वर जाऊन टिकले त्यांची यादी काढली की हेच दिसतं. अ‍ॅलेक्स करुसो ओक्लाहोमा सिटी ब्लू आणि साउथ बेमधून आला, बचाव आणि डोक्याच्या जोरावर. 2020 मध्ये लेकर्सकडून आणि 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून विजेता. डंकन रॉबिन्सन तर कॉलेजच्या तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केलेला. त्याला एकच गोष्ट अफाट येत होती, लांबून मारा, आणि 2021 मध्ये मायामीने त्याला पाच वर्षांसाठी 90 दशलक्ष डॉलर दिले. फ्रेड व्हॅनव्लीटचंही ड्राफ्टमध्ये नाव नव्हतं. तो आणि पास्कल सियाकम 2017 मध्ये रॅप्टर्स 905 कडून जी लीग जिंकले आणि 2019 मध्ये टोरंटोकडून थेट एनबीए. 2023 मध्ये मायामी अंतिम फेरीत पोचली तेव्हा रॉबिन्सन, गेब व्हिन्सेंट, मॅक्स स्ट्रस हे ड्राफ्टने नाकारलेले आणि जी लीगमधून वर आलेले खेळाडू तिच्या मुख्य फळीत होते.

उलट बाजूने जी लीगच्या 'सर्वोत्तम खेळाडू' या मानाची यादी बघा. 2014 मध्ये हा मान विभागून मिळालेल्या रॉन हॉवर्डला एनबीएत एकही सामना मिळाला नाही. 2017 चा व्हँडर ब्लू मोजके सामने खेळून बाहेर. तिथला सर्वोत्तम असणं आणि इथे उपयोगी असणं ही दोन वेगळी मापं आहेत. गावच्या लग्नात हजार पानं वाढणारा आचारी हॉटेलच्या स्वयंपाकघरात नुसता कांदा चिरायला ठेवला तर तो वाईट आचारी ठरत नाही, पण कांदा बारीक आणि भराभर चिरता आला पाहिजे.

हे झालं संघांच्या बाजूचं. आता अन्याय कुठे आहे ते.

पहिला, दहा दिवसांच्या कराराचा. दर मोसमात 5 जानेवारीपासून संघ असे करार करू शकतात. एका खेळाडूला एका मोसमात एका संघाकडून जास्तीत जास्त दोन, मग ठेवायचं तर मोसमभर, नाहीतर नमस्कार. दहा दिवसांत होतात चार-पाच सामने. धरून चालू की एखादा नेमबाज आहे, ज्याचे तीन गुणांचे शंभरात 38 मारे आत जातात. हा फार चांगला नेमबाज झाला. त्याला चार सामन्यांत मिळून सोळा मारे मिळाले. सरासरीने सहा आत जायला हवेत. पण सोळाच मारे असतील तर निव्वळ नशिबाने चार जाणं किंवा आठ जाणं हे दोन्ही अगदी रोजचं आहे. चार गेले की लोक म्हणणार, बघा, वरची पातळी झेपली नाही. आठ गेले की शोध लागला म्हणून मथळे. माणूस तोच, मनगट तेच. एवढ्याशा नमुन्यावर कोणाची लायकी ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, तीही कुकरची शिट्टी व्हायच्या आत.

जेरेमी लिनची गोष्ट सगळे सांगतात. हार्वर्डचा पोरगा, डिसेंबर 2011 मध्ये दोन संघांनी काढलेला, जानेवारीत खालच्या लीगमधल्या ईरी बेहॉक्सकडून खेळायला पाठवलेला, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये न्यू यॉर्क निक्सकडून नेट्सविरुद्ध 25 गुण, सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध 38. सगळं जग वेडं झालं. पण ती संधी मिळाली ती निक्सचे गार्ड जखमी होते आणि प्रशिक्षकाकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून. त्या आठवड्यात एखादा घोटा लवकर बरा झाला असता तर लिनला कदाचित पुन्हा बॅग भरावी लागली असती.

दुसरा अन्याय वयाचा, आणि माझ्या मते हाच मोठा. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा पगार पहिली दोन वर्षं पक्का असतो, मग तो खेळो न खेळो. एकोणीस वर्षांचा, कच्चा, पण 'पुढे काय होईल सांगता येत नाही' या भरवशावर घेतलेला. त्याच्याऐवजी जी लीगमधला सत्तावीस वर्षांचा माणूस आज, या घटकेला, सरळसरळ चांगला असू शकतो. तरी जागा पोरालाच. कारण संघ आजचा खेळ विकत घेत नाहीत, चार वर्षांनंतरची शक्यता विकत घेतात. शिवाय पोरगं चुकलं तर ज्याने निवडलं त्या व्यवस्थापकाची चूक उघडी पडते, ती झाकायला त्याला आणखी एक वर्ष द्यायचं. आपल्या ऑफिसातही हे चालतंच की.

या दुसऱ्या अन्यायाची चाचणी एकदा आपोआप झाली. डिसेंबर 2021 मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, संघच्या संघ विलगीकरणात गेले, आणि एनबीएला नियम सैल करून जी लीगमधून धडाधड माणसं बोलवावी लागली. त्या मोसमात एनबीएत 600 हून जास्त खेळाडू उतरले, तोवरचा विक्रम. कोणाचे धिंडवडे निघाले नाहीत. खेळ चालू राहिला, प्रेक्षकांना फरक कळला तो तारे नसल्याचा, बाकावरची माणसं बदलल्याचा नाही. लान्स स्टीफन्सन ग्रँड रॅपिड्समधून इंडियानात आला आणि जानेवारीत नेट्सविरुद्ध बाकावरून उठून पहिल्याच क्वार्टरमध्ये वीस गुण करून बसला. तो मोसमभर टिकला. बाकीचे बहुतेक दहा दिवसांनी परत गेले, कारण करारवाले लोक बरे होऊन आले. म्हणजे बाकावरचा बारावा-तेरावा माणूस आणि खालच्या लीगमधला चांगला माणूस यांच्यात खेळाचं अंतर फारसं नाही. अंतर आहे कागदाचं.

आंद्रे इंग्रॅमबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेला, दहा मोसम आणि 384 सामने या खालच्या लीगमध्ये खेळलेला, वरकमाईसाठी मुलांना गणित शिकवणारा माणूस. केस पांढरे झालेले. एप्रिल 2018 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, लेकर्सने त्याला मोसमाच्या शेवटच्या दोन सामन्यांसाठी बोलावलं. ह्यूस्टनविरुद्ध त्याने 19 गुण केले, तीन गुणांचे पाच मारे, त्यातले चार आत. फ्री थ्रोला उभा राहिला तेव्हा प्रेक्षक 'एमव्हीपी, एमव्हीपी', म्हणजे 'सर्वोत्तम खेळाडू', असं ओरडत होते. लेकर्स हरले, ते कोणाच्या लक्षातही नाही. मी तो सामना सकाळी चहा थंड होईपर्यंत बघत बसलो होतो. आणि चहा दुसऱ्यांदा गरम करताना डोक्यात आलं की हा माणूस त्या रात्री अचानक चांगला झालेला नाही. आठ वर्षांपूर्वी बोलावला असता तरी त्याचा मारा असाच सरळ गेला असता. इंग्रॅमची एनबीएतली सगळी कारकीर्द सहा सामन्यांची आहे.

भाच्याचा पुढचा प्रश्न अर्थातच होता, "आणि आपलं कोणी?" ऑक्टोबर 2019 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये खेळून गेले, तेव्हापासून त्याला हे खूळ आहे. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. त्यांनीच एप्रिल 2015 मध्ये भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएत उतरवला, कॅनडात जन्मलेला सात फूट पाच इंची सिम भुल्लर, तोही जी लीगच्या रिनो बिगहॉर्न्समधून, दहा दिवसांच्या करारावर. त्याच वर्षी पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडला, भारतात जन्मलेला पहिला. दोन मोसम टेक्सास लेजेंड्सकडून जी लीगमध्ये खेळला, वर एकही सामना नाही. पुढे तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत उतरला. सतनामवर अन्याय झाला असं म्हणायचा मोह होतो, पण नाही. सात फुटांपेक्षा उंच माणसाने बास्केटखाली उभं राहून खेळायचे दिवस नेमके त्याच वर्षांत संपत होते. आता सेंटरलाही, म्हणजे बास्केटखालच्या उंच खेळाडूलाही, रेषेवर येऊन छोट्या गार्डचा पाठलाग करावा लागतो, आणि ते सतनामच्या पायांना जमण्यासारखं नव्हतं.

मला कोणी नियम बदलायला दिला, देणार कोणी नाही, तर मी दहा दिवसांचे तीस करीन आणि संघाला सोळावी जागा देईन, ती पंचवीस वर्षांवरच्या, जी लीगमध्ये तीन मोसम काढलेल्या माणसासाठी राखीव. तीस संघ, तीस माणसं. पगार किमान दिला तरी प्रत्येक संघाला वर्षाला दशलक्षाहून थोडे जास्त डॉलर पडतील, जे एनबीएच्या हिशोबात चहापाण्याचे पैसे आहेत. यातून तारे निघणार नाहीत, दोन-तीन पेटन निघतील.

हे सगळं मी भाच्याला तीन व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. त्याने पहिला ऐकला, दुसरा दीडपट वेगाने ऐकला असावा. मग उत्तर आलं: "ठीक आहे मामा, पण मोटारीवरून उडी मारली ना त्याने."